सर ॲम्ब्रोझच्या घरातली थंडी

चर्चच्या मनोऱ्यात ठेवलेली गावाची बंदुकीची दारू पिंपांसकट नाहीशी झाली होती. ती न्यायला आलेला राजाचा कॅप्टन हारकॅसल खवळला. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्या ईनॉकला त्याने गळ्यात दोर अडकवून ओकच्या झाडाखाली उभं केलं. दुपारपर्यंत दारू मिळाली नाही तर फाशी!

ईनॉकच्या बायकोने बार्नबी फ्र्यूएनचे पाय धरले. चोऱ्यांचा छडा लावणं हाच बार्नबीचा धंदा. मित्र जाइल्सला घेऊन त्याने मनोऱ्याचं दार पाहिलं आणि ओकखाली येऊन ईनॉकला विचारलं,

"कुलूप शाबूत आहे. किल्ल्या किती?"

"दोन. एक माझी, एक सर ॲम्ब्रोझकडे. पण साहेब, ती पिंपं मला हलतसुद्धा नाहीत हो!"

"सर ॲम्ब्रोझ तर राजाचा माणूस," जाइल्स पुटपुटला.

सर ॲम्ब्रोझ म्हणजे मोठे जमीनदार, संसदेचे सभासद. दोघे त्यांच्या घरी गेले. बाहेर बर्फ, आणि त्यांच्या दिवाणखान्यात शेकोटी गार. जाइल्सचे दात वाजू लागले.

"धुराडं तुंबलंय," सर म्हणाले. ओठातली चिलीमही विझलेलीच. "ईनॉकनंच विकली असेल दारू."

नोकर मेणबत्ती घेऊन दारात आला. "ने ती बाहेर!" सर ओरडले.

बार्नबीने खिशातून चकमक काढली. "चिलीम पेटवून देऊ?"

"नको!" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

बार्नबीने चकमक परत ठेवली. "धुराडं तुंबलं तर शेकोटी विझते, सर. चिलीम कशाला विझवायची, मेणबत्तीला कशाला घाबरायचं? दारू या फरशीखाली आहे. किल्ली तुमची, पिंपं उचलणारे गडी तुमचे."

"पण का?" जाइल्स थक्क झाला.

"राजानं वर्षानुवर्षं संसद भरवली नाही, आता भरलीय तर तिच्यावरच फौज काढतोय," सर हळूच म्हणाले. "कुठल्याशा जुन्या हद्दी उकरून माझी शेतं शाही जंगल ठरवली. न्यायाधीश त्याचेच. कायदा त्याच्या मर्जीवर चालला, तर माझी जमीन माझी कशावरून? आता ही दारू दिली तर ती संसदेवरच उडेल."

"आणि तुमच्या कायद्यापायी ईनॉक लटकणार?"

सर ॲम्ब्रोझ उठले. टोपी घालून ते बाहेर पडले.

"दोर काढा," त्यांनी ओकखाली कॅप्टनला सांगितलं. "दारू माझ्याकडे आहे. संसदेचा हुकूम आणा, मग देतो."

"हा राजद्रोह आहे!"

"असेल."

कॅप्टनने तलवार उपसली. तेवढ्यात सरांची कुळं एकेक करून त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. कुणाच्या हातात कुऱ्हाड, कुणाच्या विळा. कॅप्टनने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, तलवार म्यान केली आणि घोड्यावर टांग टाकली.

सर ॲम्ब्रोझ मटकन बर्फातच बसले. "देवा, काय करून बसलो मी!"

नवऱ्याच्या गळ्यातला दोर काढत म्हातारी म्हणाली, "माझा माणूस वाचला, मालक. राजाचं आता तुम्ही बघा."