पालथा पेशंट, उताणी नोंद

"हनुवटी आणखी वर... हं, अशीच. हलू नका."

"नाक तपासायला पालथं कशाला पाडता हो? मला वाटलं, मालिश करताय," तो टेबलावरून पुटपुटला. सीटी स्कॅनच्या खोलीत सहा वर्षं गंभीर चेहऱ्याने वावरलेली टेक्निशियन खुदकन हसली.

तो चहाची पारख करायचा. करायचा म्हणजे... दोन वर्षांपासून सायनस सारखं भरलेलं, वास येईनासा झालेला, नोकरी टांगणीला. "डावी नाकपुडी तर जन्मापासून बंद दुकान," तो म्हणाला. "उजवीवर संसार चाललाय. ऑपरेशन झालं की पहिला वास तुमच्या हातच्या चहाचा घेऊ?"

तिने घाईघाईने मशीन सुरू केलं. कान मात्र लाल झाले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिने सहज, अगदी सहज हं, त्याचा रिपोर्ट उघडला. नाकाचा मधला पडदा उजवीकडे वाकलेला. उजवीकडच्याच मागच्या पोकळीत डोळ्याची नस हाडाच्या आवरणाशिवाय उघडी पडलेली. उजवीकडे? पण बंद तर डावी होती.

तिने लगेच स्कॅनची नोंद उघडली. पेशंटला पालथं झोपवलं होतं, मशीनमध्ये नोंद मात्र 'उताणा' अशीच राहिली होती. त्यामुळे चित्रात सगळं डावं-उजवं उलटं झालं होतं; उघडी नस खरं तर डावीकडे होती. आता सर्जन डावीकडे निर्धास्तपणे हत्यार घालणार, आणि डोळा...

थिएटरचा फोन कोणी उचलेना. ती दोन जिने धावत चढली. नोकरी जाणार, हे धावतानाच तिला कळत होतं. दाराशी त्याचं स्ट्रेचर होतं, शेजारी सर्जन मॅडम.

"मॅडम, थांबा. स्कॅनच्या बाजू उलट्या आहेत. चूक माझी आहे."

मॅडमनी त्याला विचारलं, "बंद कुठली?"

"डावी."

"परत स्कॅन करा. आणि हे मला लेखी द्या," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझा डोळा गेला असता?"

"हो... जाऊ शकला असता."

"मी हसवलं म्हणून?"

हो म्हटलं असतं तर सुटली असती. "नाही. मी तुमच्याकडे बघत बसले म्हणून. आता स्कॅन दुसरं कोणी करेल."

ती जायला वळली.

"दुसरं कोणी नको," तो म्हणाला. "स्वतःची चूक सांगायला कोण एवढं धावतं? फक्त... या वेळी माझ्याकडे बघू नका."

तिने नोंद तीनदा तपासली. पालथा. तो चकार शब्द बोलला नाही. मशीन थांबलं, तेव्हा तसाच पडून हळूच म्हणाला,

"आता बघितलंत तरी चालेल."