शेवटचा फर्मा

आपल्या गल्लीतल्या बाइंडरच्या बाबतीत घडलेलं आहे हे, मनचं नाही. दार लावून घ्या आणि मध्ये कुणी बोलू नका.

वाचनालयात जादूच्या गोष्टींच्या पुस्तकांचं प्रदर्शन भरलं होतं. आधी हातानं लिहिलेल्या पोथ्या, मग छापील चित्रांची पुस्तकं, राक्षस, पऱ्या, उडते घोडे, सगळं काचेच्या पेट्यांत ओळीनं मांडलेलं. शनिवारी, अगदी शेवटच्या रात्री, आठाच्या सुमाराला ग्रंथपाल बाईंनी बाइंडरला बोलावून घेतलं.

"काका, तुम्ही शिवलेलं पुस्तक बघा बरं जरा. मी एका पानावर उघडून ठेवते, सकाळी दुसरंच पान."

"वाऱ्यानं उलटत असेल."

"कुलूपबंद पेटीत? वाऱ्याला काय मी किल्ली देऊन ठेवलीय?"

बाइंडर हसत पेटीपाशी गेला. हसू तोंडातल्या तोंडात राहिलं.

तेच पुस्तक. चंद्रावर वाट चुकलेल्या मुलीचं. दोन वर्षांमागं दुरुस्तीला आलं, तेव्हा त्याची लेक अंथरुणाला खिळलेली. शिवण उसवली की पुस्तकाचे सोळा-सोळा पानांचे फर्मे सुटे होतात. रोज रात्री तो एक फर्मा तिला वाचून दाखवायचा, मग शिवायला घ्यायचा. वाचायचा तो, पान उलटायची ती. खोकल्याच्या लाल औषधानं चिकट झालेलं बोट चाटून.

"कोपरा कुजतो गं."

"मग भरभर वाचा ना बाबा. शेवट ऐकल्याशिवाय मी नाही झोपणार."

एक फर्मा उरला आणि ती गेली. बापाचं डोकं फिरलं. तो फर्मा न वाचताच त्यानं शेगडीत घातला, पुस्तक तसंच शिवून देऊन टाकलं. दुसरी प्रत कुठंच नव्हती. कुणाला कळलंही नाही.

बाई आतल्या खोलीतले दिवे मालवायला गेल्या. हा एकटाच उरला.

काचेखालचं पान हललं. उलटलं. मग पुढचं. त्याच्या पुढचं. शेवटचं पान आलं... थांबलं.

"बाबा, पुढं?"

बारीक आवाज. खोकून घोगरा झालेला.

तो काचेवर वाकून बोलला. "पुढं... तिला वाट सापडते. ती घरी येते."

"खोटं. तुम्ही वाचलंच नाही."

"बाळ, पुरे आता. झोप."

पानं सरसर मागं गेली. पहिल्या पानावर. तिथून पुन्हा एकेक उलटू लागली. सावकाश...

प्रदर्शन आवरलं. पुस्तक कपाटात गेलं. बाइंडर आजही संध्याकाळी त्या कपाटापुढं खुर्ची टाकून बसतो, रोज नवा शेवट सांगतो. एकही लागू पडत नाही.

सकाळी बाई कपाट उघडतात. पुस्तक मिटलेलं असतं. फक्त शेवटच्या पानाचा कोपरा ओला. लाल. बोटाला चिकटतो.