चार्ज घेणाऱ्याची सही

माझ्या फायद्याचा हिशेब सरळ होता. रोज दोन पानं लिहिली, तर जुलैअखेर छोटी कादंबरी पुरी होते. नागपूरचा एक दिवाळी अंक ती छापतो. आणि भिलाईतली जी मराठी मंडळी अकरा वर्षं मला ‘आमचे होणारे लेखक’ म्हणून पहिल्या रांगेत बसवत होती, त्यांना ‘होणारे’ गाळावं लागतं. त्र्याऐंशीच्या मे महिन्यात अडचण एकच होती. मी लिहीत नव्हतो. पेन्सिलींना टोकं मात्र छान करायचो.

उपाय धोंडबानं सुचवला. सुपेल्याजवळच्या एका खाजगी कारखान्यात आम्ही दोघं पंप हाऊसवर. पाळ्या बदलल्या तरी क्रम तोच: मी उठायचो, माझ्या गरम खुर्चीत तो बसायचा आणि त्याच्या गावची, सावरखेडीची गोष्ट सुरू करायचा. बोलण्यात त्याला तोड नव्हती. लिहायचं म्हटलं की घाम फुटे.

“देवीदासभाऊ, कावून रडून राहिले?” तो म्हणाला. “लॉगबुक काय मूड आला म्हनून लिहिता? घड्याळ पाहून लिहिता. घरीबी तसंच करा. अन् शेवटचं काम अर्धं सोडा. पुढच्या पाळीवाल्याले सुरू कराले सोपं जाते.”

मी जाड वही आणली, पट्टीनं लॉगबुकासारखे रकाने आखले: तारीख, पानं, चार्ज देणारा, चार्ज घेणारा. पहिल्या दिवशी दीड पान झालं. शेवटचं वाक्य अर्धं सोडलं, सही केली. शेजारचा रकाना रिकामा होता. पंप हाऊसमध्ये तो रिकामा ठेवून कोणी घरी जात नाही. बदली माणसाला उशीर असला की त्याची सही आपणच ठोकतो. सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी बोलत नाही. सवयीनं हात गेला. ‘धोंडबा’ लिहिलं, त्याच्यासारखाच ‘ब’ तिरपा काढून.

दुसऱ्या दिवशी अर्धं वाक्य पुरं झालेलं होतं. पुढे तीन पानं. अक्षर माझं, शाई माझी. गाव सावरखेडी.

“रमा, माझ्या वहीला कोणी हात लावला?”

“तुमच्या वहीले?” बायको भाजी निवडत होती. “मले काय दुसरे धंदे नाहीत?”

पानं माझ्यापेक्षा चांगली होती. मी दोन अनुस्वार दुरुस्त केले, पुढचं अर्धं वाक्य लिहिलं आणि सह्या केल्या. दोन्ही.

पंधरा दिवसांत बेचाळीस पानं झाली. पंप हाऊसमध्ये मात्र धोंडबा येऊन नुसता बसू लागला.

“सावरखेडीच्या त्या लाल बैलाचं पुढे काय झालं?” मी विचारलं.

“कोनता बैल?”

त्याच्या लॉगबुकातल्या नोंदी आखडत गेल्या. शेवटी दोनच शब्द उरले. सर्व ठीक.

त्रेसष्टाव्या पानावर छप्पन सालचं नागपूर आलं. सहा वर्षांचा मुलगा, बापाच्या खांद्यावर. दीक्षेला आलेला पांढऱ्या कपड्यांचा समुद्र. तोल जाऊ नये म्हणून बापाचा उजवा कान धरलेला, त्या कानात बाळी. धोंडबानं मला हे एकदाच सांगितलं होतं. बाळीचं सांगितलं नव्हतं.

पाळी बदलताना मी विचारलं, “दीक्षेला तुझ्या वडिलांच्या कानात काय होतं?”

“मी गेलतो काय नागपूरले? गेलो असीन.”

त्या रविवारी त्याची बायको चंपा घरी आली. बसली नाही.

“भाऊ, हे घरी बोलतच नाहीत. पोरीनं इचारलं, बाबा, आजा कसा दिसे? तर भिंतीकडं पाहत राहिले. तुमाले काही बोलले काय?”

“थकवा असेल,” मी म्हणालो. “उन्हाळा आहे.”

ती गेल्यावर वही उघडली. कादंबरीची तेहतीस पानं बाकी होती.

हे थांबवायला फक्त त्याची सही करायची नव्हती. एवढंच.

मी अकरा दिवस केली.

दिवाळीत कादंबरी छापून आली. भिलाईच्या मराठी मंडळानं शाल दिली. धोंडबा अंक घेऊन आला, ओळीखाली बोट धरून त्यानं माझ्यासमोर पान वाचलं.

“मस्त लिहिलं, भाऊ. लय भोगलं ह्या मानसानं. कोन होय हा?”

“आहे एक,” मी म्हणालो.

डिसेंबरात संपादकांचं पत्र आलं: पुढल्या वर्षी आणखी एक द्या. मी वही काढली. अर्धं वाक्य लिहिलं, सही केली. घेणाऱ्याचा रकाना या वेळी मुद्दाम कोरा सोडला.

दुसऱ्या दिवशी तो भरलेला होता. माझ्याच अक्षरात. रमा.

पुढे तीन पानं. एक विहीर, परकराला लागलेलं शेवाळ, आत्याची हाक.

ती पानं फाडायला हवी होती. मी मोजली. जुनी शहाण्णव: माझी दीड, बाकी धोंडबाची. नवी तीन.

रमा दारात आली. हातात आईला लिहिलेलं आंतर्देशीय पत्र, पत्ता घालायचा राहिलेला. ती ओशाळून हसली.

“अवो, माह्या माहेरचं गाव कोनतं जी?”

मी वहीत बघून सांगितलं.