ग्रिलचा सहावा स्क्रू

“गिऱ्हाईक तोच माल दोनदा परत घेऊन आलं ना, की समजावं, खोट मालात नाही, गिऱ्हाईकाच्या मनात आहे,” आत्याने तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. ती नुसती हसली होती. स्क्रू आणि बिजागऱ्यांच्या दुकानात मनात खोट घेऊन कोण कशाला येईल?

दुकान तिच्या वडिलांचं. नवरा गेल्यावर ती लेकीला घेऊन माहेरी आली, तोवर वडीलही गेले होते. उरली होती माडीवर राहणारी आत्या, आणि खाली भिंतभर पत्र्याचे खण. लेक चार वर्षांची. सारखी काहीतरी गुणगुणायची, म्हणून सगळे तिला भुंगी म्हणत. भुंगी गुणगुणायची थांबली की ही हातातलं काम टाकून धावे. मग तिच्या कपाळाला हात लावून बघ, गॅस बंद केलाय का बघ, कडी पुन्हा एकदा बघ... दुकानात दिवसभर ये-जा असे, पण बोलणं सगळं मापाचं. पाऊण इंची, दीड इंची. संध्याकाळी शटर ओढलं की तो खडखडाट थांबल्यावर जी शांतता पडायची, ती मात्र कुठल्याच मापात बसत नसे.

अशाच एका रिमझिमत्या दुपारी तो आला. चष्म्याच्या काचा शर्टाला पुसल्या, खिशातून रुमाल काढला, आणि रुमालातून एक गंजका स्क्रू असा अलगद काउंटरवर ठेवला, जणू घरट्यातून पडलेलं पिल्लूच.

“असे सहा हवेत. जुन्या गाडीच्या पुढच्या ग्रिलचे. बरीच दुकानं फिरलो... सगळे हसले.”

“मग मीही हसू का?”

“स्क्रू असतील तर हसा.”

खूप दिवसांनी ती मोकळं हसली.

पुढच्या गल्लीतल्या इस्पितळात तो एक्स-रे काढायचा. गाडी त्याच्या काकांची. आई-बापामागे काकांनीच त्याला वाढवलं. काका गेले आणि गाडी गॅरेजात सडत पडली. आता सुटीच्या दिवशी तो ती माणसात आणत होता. पत्रा झाला, निळा रंग झाला, इंजिनही खोकत का होईना सुरू झालं. अडलं होतं ग्रिलपाशी. हल्लीचे स्क्रू फुलीच्या खाचेचे. याला हवी सरळ एक खाच, घुमटासारखं डोकं, आणि आटेही जुन्या मापाचे. नवा स्क्रू जबरदस्तीने पिळला तर आत जातो, पण जाता जाता जुने आटे खाऊन टाकतो.

ती शिडीवर चढली. सगळ्यात वरच्या खणात, वडिलांच्या हातची पुडी होती. पुडीत बरोबर सहा निघाले.

पाच तिने कागदावर ठेवले. सहावा मुठीत राहिला. का राहिला ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

“पाचच आहेत,” ती म्हणाली. “सहावा... शोधून ठेवते.”

मग तो येत राहिला. आधी सहाव्याची चौकशी करायला. पुढे पाचांतलाच एखादा घेऊन. हा जरा सैल बसतो. हा किंचित लांब पडतो. दुसरे होते कुठे तिच्याकडे! ती तोच स्क्रू आत नेई, तेलाच्या फडक्याने पुसून नव्या कागदात गुंडाळून आणी. तो उजेडात धरून बघे आणि गंभीरपणे म्हणे, “हां, हा बरोबर वाटतोय.” दोघांपैकी कुणीही हसत नसे.

भुंगीशी त्याची गट्टी जमली. तो हाडांचे फोटो काढतो म्हटल्यावर तिने आपली बाहुली त्याच्या हवाली केली. परत आणली तेव्हा सोबत काळी फिल्म होती. भुंगीने ती उजेडात धरली. बाहुलीच्या आत एक बारीकशी स्प्रिंग, बाकी सगळं रिकामं.

“आत काहीच नाहीये,” भुंगी हिरमुसली.

“पुष्कळ जणांचं असंच असतं,” तो तिला म्हणाला, पण बघत होता भुंगीच्या आईकडे. “बाहेरून कळत नाही, इतकंच.”

त्या रात्री तिला उशिरापर्यंत झोप लागली नाही.

पुढच्या खेपेला त्याने पुन्हा एक स्क्रू पुढे केला. चेहरा उतरलेला होता, आवाज बसलेला. तिने स्क्रू दाराच्या उजेडात धरला. खाचेत पेचकसाची ताजी चमक होती, आणि मानेला निळ्या रंगाचा कण चिकटलेला.

“हा बसला होता,” ती हळूच म्हणाली. “चांगला घट्ट बसला होता. काढताना जोर लागला असेल...”

“...लागला.”

“मग काढलात कशाला?”

त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जिन्याची पायरी करकरली. आत्या. हिने घाईने स्क्रू त्याच्या हातात परत दिला. मनात एक होतं, आणि ओठांवर भलतंच आलं — “सुटा माल एकदा नेला की आम्ही परत घेत नाही. आतापर्यंत घेतला, ते चुकलंच.”

त्याने रुमाल खिशात कोंबला. मग “बरोबर आहे तुमचं,” म्हणाला, स्क्रू काउंटरवर ठेवला आणि पावसात निघून गेला.

त्यानंतर तो आला नाही. रस्त्यावर चष्मा दिसला की ती मान उंचावून बघे, नि मग उगाच काउंटर पुसत बसे. रागावला असेल. रागावणारच. आपण होऊन कसं जायचं, लोक काय म्हणतील, आणि गेलंच तर बोलायचं काय? दोन्ही स्क्रू गल्ल्याच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी पडून होते. भुंगीने बाहुलीची फिल्म खिडकीला लावून ठेवली होती.

“त्या एक्स-रेवाल्याचा खोकला गेला का गं?” एके दिवशी आत्याने भाजी निवडता निवडता विचारलं.

“कसला खोकला?”

“अगं, माडीवर ऐकू येत होता मला. छातीतला होता तो, साधा नव्हे.”

तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. स्क्रूवरचा रंगाचा कण तिला दिसला होता. माणूस बघायचा राहून गेला होता.

“आत्या, जरा दुकानात बसशील?”

आत्याने तिच्याकडे बघितलं, भाजी बाजूला सारली. “भुंगीला ठेव माझ्यापाशी. आणि छत्री ने.”

गॅरेजचा पत्ता तिला त्याच्या इस्पितळात मिळाला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत निळी गाडी उभी. ग्रिल चकाकत होतं, दोन भोकं तेवढी रिकामी. मागच्या सीटवर तो ब्लँकेट गुंडाळून पडला होता. वर खोलीपर्यंतचा जिना चढवेना, म्हणे.

तिने हाताची मागची बाजू त्याच्या कपाळाला लावली, भुंगीला लावते तशी. कपाळ नुसतं भाजत होतं.

“दुकान... बंद करून आलात?”

“आत्या बसलीये.”

“आत्या?” तेवढ्या तापातही त्याच्या भुवया वर गेल्या.

“दुनियेच्या छात्या तपासता. स्वतःचा एक्स-रे कुणी काढायचा?”

“विचारणारं कुणी असलं की... माणूस काढून घेतो.”

तिने मूठ उघडली. तळहातावर दोन स्क्रू.

“सहावा सापडला?”

“हरवला कधी होता? पहिल्या दिवसापासून माझ्यापाशी होता.”

तो हसायला गेला आणि खोकल्याची उबळ आली. ती पाठ चोळत राहिली, मग टॅक्सी बघायला धावली. न्यूमोनिया होता. आणखी उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढचं त्यांनी गिळलं.

तो बरा व्हायला बरेच आठवडे गेले. ग्रिल पक्कं केलं त्या दिवशी तिने ते दोन्ही हातांनी धरलं होतं. “आधी सगळे सैल बसवायचे,” तो सांगत होता. “पहिलाच घट्ट आवळला, तर शेवटच्याचं भोक जुळत नाही.” सहावा त्याने तिच्या हातात दिला. तिने तो बसवला, अगदी सावकाश. मागच्या सीटवर भुंगी गुणगुणत होती, आणि तिच्याशेजारी आत्या, पर्स मांडीवर घेऊन, गाडी कधी निघते याची वाट बघत.

तुमच्याही दारात कुणीतरी असंच येत असेल, फुसकं कारण घेऊन. कधी वाटीभर साखर हवी असते, कधी नुसतं किती वाजले ते विचारायचं असतं. कारण खोटं आहे हे तुम्हालाही कळत असतं. ते माणूस अलीकडे येईनासं झालं असेल, तर रुसलं असेल असं धरून बसू नका. चपला घाला, आणि एकदा बघून या.