'इतर' नावाचा कप्पा

संकेतस्थळांना आता पानं नव्हती, कप्पेही नव्हते. काहीही विचारा, 'वाटाड्या' उत्तर देई. जगातला सगळा मजकूर या यंत्रणेने कणाकणांत फोडून ठेवला होता. प्रश्न आला की लागतील तेवढेच कण एकत्र येत, आणि ज्यांना पाच वर्षांत कोणी विचारलं नाही ते कायमचे विरून जात. शोधाशोधीची कटकट संपली होती.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या शरयू केळुसकरांना ती कटकटच प्यारी होती. कोणे एके काळी त्यांनी रानभाज्यांचं संकेतस्थळ रचलं होतं. एकेका भाजीची चिठ्ठी करून सतरंजीवर पसरायची आणि बाजारातल्या भाजीवाल्या मावश्यांना म्हणायचं, "लावा तुम्हाला हव्या तशा." तज्ज्ञांनी कुळांप्रमाणे लावलेल्या चिठ्ठ्या मावश्या पार उधळून लावत. "टाकळा न् कुर्डू एका जागी ठेव गं बाय, दोन्ही एकदमच येतात." काय दिवस होते ते! त्यावरून संकेतस्थळाचे कप्पे ठरत, आणि कुठेच न बसणारं सगळं 'इतर' नावाच्या कप्प्यात जाई.

त्या 'इतर'मध्येच त्यांच्या यजमानांचा, भार्गवरावांचा ध्वनिमुद्रित आवाज होता. टाकळा निवडायची कृती सांगता सांगता ते मध्येच हसून म्हणाले होते, "शरू, हे कोण ऐकणार आहे गं? त्यापेक्षा चहा टाक." ते जाऊन सात वर्षं झाली होती. त्यांचा आवाज तेवढाच उरला होता.

आज शरयूबाईंनी तो मागितला. वाटाड्या म्हणाला, "टाकळ्याची कोवळी पानं घ्यावीत, देठ टाकावेत."

त्या तडक केतकी साखळकरकडे गेल्या. वाटाड्या घडवणारी ही शास्त्रज्ञ एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

"केतकी, मला कृती नको गं. माझा माणूस हवाय."

केतकीने नोंदी तपासल्या. "बाई, कृती विचारणारे हजारो होते, म्हणून ते कण टिकले. बाकीचं विरलं."

"कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाला हा नियम?"

"तुमच्याच," केतकी चाचरत म्हणाली. "'जे कोणी मागत नाही, ते वाटेतून काढा.' पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं होतंत."

आपलेच दात, आपलेच ओठ!

"पण मी होते ना मागणारी!"

"नोंदीत तुम्ही कुठेच नाही, बाई. सात वर्षांत एकदाही ऐकलं नाहीत?"

त्यांचे डोळे भरून आले.

"कुठे ठेवलाय ते ठाऊक होतं गं. रोज वाटायचं, आहे तिथे. उद्या ऐकू."