पितळी बैठक

दसऱ्याच्या सकाळी पावणेआठला ठाण्यातला फोन वाजला. उपनिरीक्षक सुषमा तांडेल तेव्हा दाराला तोरण बांधत होती. पलीकडचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता आणि अगदी शांत होता, जरा जास्तच.

"झरीहून गोपीनाथ राऊत बोलतोय. माझ्या हातून माणूस मेला. या."

राऊतांची चिकूची वाडी झरीच्या ओहोळापर्यंत पसरलेली. ओहोळापलीकडच्या चार एकरांना हायवे लागून. वाडीच्या टोकाला, शेवटच्या ओळीतल्या झाडाखाली जिव्या पडला होता. वाडीचा राखणदार. त्याचा बापही इथलाच राखणदार होता. गोळी छातीत बरोबर मधोमध लागली होती. त्याची बायको धाकली उशाशी गुडघे दुमडून बसली होती. ती रडत नव्हती. मधूनमधून हात हलवून माशा हाकलत होती.

हवालदार उमेशने अंगणातल्या मोटरसायकलवर हात टेकला आणि ओला तळवा पँटला पुसला. सीटवर दव साचलं होतं. गोपीनाथशेठचा मुलगा दर्शन ओसरीवरून पुढे आला. पहाटे पाचलाच आपण गाडीवर डहाणूला गेलो होतो, झेंडू आणि आपट्याची पानं आणायला, असं त्याने न विचारताच सांगितलं. आत्ताच परतलो, पाहतो तर हे असं.

गोपीनाथशेठ ओसरीच्या झोपाळ्यावर बसले होते. वय सत्तरीच्या पुढचं. सुषमा समोर जाऊन उभी राहिली तरी त्यांनी आधी मान तिरकी करून अंदाज घेतला.

"काय झालं ते सांगा, शेठ."

"रानडुक्कर येतात. दोन रात्री झाल्या, रोपं उकरतायत. पहाटे सहाच्या सुमारास खसखस ऐकली म्हणून रायफल घेऊन गेलो. दुर्बिणीतून काळं काही हललेलं दिसलं. चाप ओढला."

"हाक मारली नाहीत?"

"नाही."

"फोन पावणेआठचा आहे. पावणेदोन तास काय करत होतात?"

"बसलो होतो," ते म्हणाले. "दुसरं काय करणार होतो?"

रायफल त्यांच्या आजोबांची होती. शंभर वर्षांपूर्वीची, परदेशी, चापाखालचं लोखंडी कडं खालीवर केलं की काडतूस चढणारी. परवाना पिकाच्या राखणीचा, दर निवडणुकीला ठाण्यात जमा होणारी. ठाण्यात सगळे तिला ओळखत. तिच्या नळीवर आता एक छोटी दुर्बीण होती. ती नवीन होती. शेठ म्हणाले की घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः बसवली, पण नेम काही जुळवून पाहिला नव्हता. तिथेच घात झाला.

धाकलीचा जबाब चार ओळींत संपला. बार ऐकला, धावत गेले, तो पडलेला होता. खाली अंगठा.

दुपारपर्यंत प्रकरण सगळ्यांच्या मनात मिटलंच होतं. निष्काळजीपणाने मृत्यू. म्हातारा माणूस, कबुली दिलेली, जामीन होईल. वरून सुषमाला दोनदा विचारणा झाली की कागद कधी पाठवताय. उमेश मात्र जीपमध्ये एवढंच बोलला.

"मॅडम, येत्या सोमवारी जिव्याची साक्ष होती. तहसीलमध्ये. ओहोळापलीकडच्या चार एकरांची. त्याचा बाप ती जमीन कूळ म्हणून कसायचा, हे तो स्वतः सांगणार होता."

संध्याकाळी जप्तीच्या वस्तूंना चिठ्ठ्या लावताना सुषमाने रायफल टेबलावर आडवी ठेवली. तिचे नवरात्राचे उपास अजून सुटायचे होते, डोकं हलकं झालं होतं, आणि अशा वेळी तिला बारीक गोष्टी फार नीट दिसत.

खंडेनवमीची पूजा रायफलवर अजून तशीच होती. दस्त्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचा टिळा. चापाखालच्या कड्यावर टिळा. नळीच्या टोकाला, नेम धरायच्या पुढच्या माशीवर टिळा. आदल्या दिवशी तिने स्वतः ठाण्यातल्या हत्यारांना असेच टिळे लावले होते. हात कुठे कुठे जातो, तिला ठाऊक होतं.

दुर्बीण नळीवर एका पितळी बैठकीत घट्ट बसली होती. बैठक कोरी होती. कुंकवाचा ठिपकाही नाही. पण बैठकीच्या कडेला नळीवर लाल तेलाचा एक ओघळ आला होता आणि पितळेपाशी येऊन तो सुरीने कापावा तसा सरळ तुटला होता.

सुषमा बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली. मग तिने रायफल पुन्हा कापडात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुजरातच्या सीमेवरच्या अच्छाडला गेली. चेकपोस्टच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेमागे नविनचं लेथचं दुकान होतं. ट्रकचे सुटे भाग करणारा माणूस, हातात कसब मोठं; असं पितळेचं बारीक काम आसपास तोच करायचा. पितळी बैठक त्यानेच केली होती आणि ते सांगताना त्याला लाज नव्हती, उलट थोडा अभिमानच होता.

"शेठ भादरव्यात, गणपतीच्या दिवसांत आले, बेन. बोलले, नविन, दुर्बीण बसव, पण बंदुकीला एक भोक पडता कामा नये. आजोबांची वस्तू हाय. मी बोललो, वरती बसवू शकत नाय. ही बंदूक रिकामं काडतूस सरळ वर फेकते. दुर्बीण मधे आली तर तिच्यावरच आदळणार."

"मग?"

"मग नळीवर पुढे बसवायची. नळीला आडवा चर असतो बघा. त्यात मागची नेमपट्टी सरकवलेली असते, जिच्या खाचेतून पुढची माशी बघायची. ती पट्टी ठोकून बाहेर काढायची आन तिच्याच चरात माझी बैठक सरकवायची. स्क्रू नाय, भोक नाय. काढली की बंदूक पहिल्यासारखी. दुर्बीणही तशीच आणली, डोळ्यापासून वीतभर लांब राहूनही दिसते."

"बैठक बसली की खाली काही जाऊ शकतं? धूळ, तेल?"

"केस जाणार नाय." नविन जरा दुखावला. "मी घासून बसवलीय."

"शेठना दुर्बीण हवी कशाला होती? साठ वर्षं तर खाचेतूनच नेम धरत होते."

"आता कुठे दिसते? मोतीबिंदू पिकलाय. मला बोलले, खाच दिसली तर माशी दिसत नाय, माशी शोधली तर डुक्कर दिसत नाय. दुर्बिणीत एकच फुली धरायची, तेवढं जमतं त्यांना. मी सगळं डब्यात घालून दिलं. बसवलं कधी, ते मला नाय माहीत."

तिथून सुषमा झरीला गेली. मनोरमाबाई, गोपीनाथशेठच्या पत्नी, देवघरासमोर बसल्या होत्या. घट उठला होता, पण त्यांनी नऊ दिवसांचा उपास अजून सोडला नव्हता. माणूस गेलाय वाडीत, घास कसा उतरेल, असं त्या म्हणाल्या. सुषमा खाली जमिनीवर बसली. दोघी आधी उपासाबद्दल बोलल्या, मग पूजेबद्दल. सुषमाने शेवटी हळूच विचारलं.

"नवमीला रायफलला टिळे कुठे कुठे लावता, काकू?"

"सासूबाईंनी शिकवलं तसेच. दस्ता, कडं, खाच आणि माशी. चार. नेम चुकू नये म्हणून खाचेला बोट जरा जास्तच टेकवायचं."

"यंदाही चारच?"

"चारच."

बोलून झाल्यावर मात्र मनोरमाबाईंचा हात जपमाळेवर थांबला. सुषमा उठली.

दुपारी दोन पंच, नविन आणि रायफल घेऊन ती पुन्हा वाडीत आली. ओसरीवर गोपीनाथशेठ झोपाळ्यावर होते, दर्शन खांबाला टेकून उभा होता, मनोरमाबाई उंबरठ्याआड. धाकलीला तिने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती पायरीखाली बसली. तिला वर बसा म्हटलं तरी ती वर आली नाही.

नविनने लाकडाचा ठोकळा लावून पितळी बैठक हलक्या हाताने ठोकली. ती तसूभर सरकली आणि दुर्बिणीसकट बाहेर आली. नळीतला चर उघडा पडला. त्याच्या तळाला, दोन्ही कोपऱ्यांत, तेलात कालवलेलं कुंकू दाबून बसलं होतं. ताजं, ओलसर.

सुषमाने पंचांना वाकून पाहायला लावलं. मग ती बोलू लागली. तिचा आवाज कधीच चढत नसे आणि आताही चढला नाही.

"शेठ म्हणतात, बैठक घटस्थापनेआधी बसली. मग नवमीचं कुंकू तिच्याखाली कसं गेलं? नविनभाई म्हणतात, केस जाणार नाही. याचा अर्थ नवमीला या चरात जुनी नेमपट्टीच होती. काकूंनी खाचेला टिळा लावला, तो खाली ओघळला. बैठक त्यानंतर बसली. आणि पूजेला ठेवलेलं हत्यार या घरात दसऱ्याच्या पहाटेपर्यंत कुणी हलवत नाही, बरोबर ना शेठ? म्हणजे दुर्बीण बसली ती पहाटे. गोळी सुटल्यानंतर. त्या पावणेदोन तासांत."

"आधीच बसवली असेल पहाटे," दर्शन म्हणाला. "बाबांना तारीख आठवत नसेल."

"डुक्कर रोपं उकरतंय आणि शेठ आधी दिवा लावून पट्टी ठोकत बसले? मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी?" सुषमाने त्याच्याकडे पाहिलं. "आणि तसं असतं तर तारखेचं खोटं सांगायची गरज काय होती? खोटं एकाच कारणासाठी लागलं. दुर्बिणीशिवाय शेठ नेम धरू शकत नाहीत. हे नविनला ठाऊक आहे, उद्या कोर्टातही कळलं असतं. त्यांच्या कबुलीवर विश्वास बसायचा तर बंदुकीवर दुर्बीण हवीच होती. ती नंतर बसवली, कारण गोळी त्यांनी झाडलीच नव्हती."

झोपाळा थांबला.

"मग ज्याने झाडली त्याचे डोळे चांगले आहेत. जुन्या खाचेतून, पहाटेच्या अंधुक उजेडात, एका गोळीत छातीचा मध्य. डुक्कर समजून मारलेली गोळी छातीच्या उंचीवर लागत नाही. दर्शन, तुम्ही पाचला डहाणूला गेला होतात."

"हो."

"आम्ही आलो तेव्हा तुमच्या गाडीच्या सीटवर दव होतं. उमेशचा हात ओला झाला. डहाणूला जाऊन आलेल्या माणसाची सीट कोरडी असते."

दर्शनची नजर अंगणातल्या गाडीकडे गेली. गोपीनाथशेठच बोलले, आणि आता त्यांचा तो शांतपणा उसवला होता.

"मी लिहून दिलंय ना, मॅडम. माझ्या सहीने. माझे किती दिवस उरलेत? तुम्हाला एक माणूस हवा, घ्या मला."

"चरातलं कुंकू पुसलं का नाहीत, शेठ? एवढं सगळं सुचलं, चिंधी फिरवणं सुचलं नाही?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "पुजलेलं हत्यार दसरा मावळायच्या आत पुसत नाहीत," ते म्हणाले. "हात गेलाच नाही."

मुलाने केलेला खून लपवतानाही ज्याचा हात कुंकवापाशी अडला, त्याला काय म्हणावं हे सुषमाला कळेना. ती उंबरठ्याकडे वळली.

"काकू, तुमचा उपास अजून सुटलेला नाही. मी एकदाच विचारते. पहाटे दर्शन कुठे होता?"

मनोरमाबाईंनी मुलाकडे पाहिलं नाही. "मी चहा गाळत होते. तो मागच्या दाराने रायफल घेऊन आला. त्याच्या बाबांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि मला म्हणाले, तू आत जा." त्या थांबल्या. "मी आत गेले."

"आई," दर्शन म्हणाला. एवढंच. मग तो बोलला ते रागाने, आणि बोलला सगळ्यांना ऐकू जाईल असं. चार एकर गेले की हायवेची बाजूच जाते, चाळीस वर्षं यांना वाडीत राहू दिलं त्याचे हे पांग, गोदामाचा नकाशा पास झालाय, एका राखणदाराच्या तोंडच्या गोष्टीवर सगळं बुडायचं का. बोलता बोलता आपण काय बोलतोय हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा उमेशने त्याचा दंड धरला होता.

दर्शनला घेऊन जीप गेली. नविनने मान खाली घालून पितळेची बैठक पंचांच्या स्वाधीन केली. सुषमा पायरीवर धाकलीशेजारी बसली आणि नवा जबाब लिहायला कागद काढला. तिला वाटत होतं की आपण हिला काहीतरी दिलं. निदान खरं काय ते तरी दिलं.

"धाकली, आता समजलं ना, कुणी मारलं ते?"

धाकलीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं.

"मना त्याच टायमाला ठावं होतं," ती म्हणाली. "तो ओरडला ना. दर्शनभाय, मी हाय, जिव्या. दोनदा बोलला. मंग बार झाला."

सुषमाचं पेन कागदावर टेकलेलं राहिलं. "मग काल का नाही सांगितलंस?"

"म्हाताऱ्या शेठने तुमची जीप यायच्या आधी सांगितलं, खोपट तुझंच राहील, पोरी हायत तुझ्या. माझा नवरा तर मेला होता. त्याला जितं कोण करणार? मी खोपट धरलं." ती वाडीच्या टोकाकडे पाहत राहिली. "आता तुम्ही शेठच्या पोराला नेला. शेठीण आज रडेल. उद्या मना बोलेल, चल निघ. मंग मी पोरी घेऊन कुठं जाऊ, ते लिव्हलंय का त्यात?"

हत्येच्या जबाबात खोपटाला जागा नसते. कोण दिसलं, काय ऐकलं, किती वाजता, एवढंच लिहायचं असतं.

"सोमवारी तहसीलमध्ये तुला नेते," ती म्हणाली. "जिव्या जे सांगणार होता ते तू सांग."

"ऐकतील माझं?"

"माहीत नाही."

हे खरं उत्तर होतं, म्हणून असेल, धाकली पहिल्यांदाच जरा सरकून बसली.

"हाक ऐकली ते सांगते," ती म्हणाली. "पण आधी खोपटाचं लिव्ह. मंग त्याचं."

सुषमाने कागद सरळ केला. ही ओळ वरचे साहेब लाल पेनने खोडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पहिल्या ओळीत लिहिलं की माझा नवरा आणि त्याचा बाप ज्या खोपटात राहिले त्यात मी आणि माझ्या दोन मुली आजही राहतो. मग ते मोठ्याने वाचून दाखवलं. धाकलीने पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. आणि मगच ती पहाटेचं बोलू लागली.