सातमच्या सकाळचा चटका

"बायकोनं माझ्या पोरीला डागलंय. पुरावा द्या, आजच तिला कायमची माहेरी धाडतो," शांताराम म्हणाला.

१९९२चा श्रावण. डहाणूतल्या रेल्वे क्वार्टरमध्ये आठ वर्षांची रुचिता भिंतीला चिकटून उभी होती. खासगी तपास करणाऱ्या निलमताई तिच्याजवळ बसल्या. तिच्या दंडावरचा चट्टा पाहून त्यांच्या मदतनीस दिपकचं डोकंच फिरलं. वर टोकदार, खाली रुंद, लालभडक.

"कधी झालं?" निलमताईंनी विचारलं.

"गुरुवारी सकाळी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तारीख आहे. पोळ्या करताना तापलेलं उलथनं लावलं. सावत्र आई शेवटी."

"तुमच्या कपड्यांना इस्त्री छान असते. बायकोच करतात?"

"छे! रोज सकाळी मीच करतो. माझ्या इस्त्रीला कुणी हात लावलेला मला खपत नाही." विजेची इस्त्री टेबलावरच होती.

स्वयंपाकघरात सरला खाली मान घालून बोलली. "गुरुवारी शीतळा सातम होती. माझं माहेर गुजरातेतल्या उंबरगावचं, त्या दिवशी चुलीची पूजा करून आम्ही काही पेटवत नाही. शिळ्या पुऱ्या खाल्ल्या."

दिपकला ही शुद्ध थाप वाटली.

भांडी घासणारी शुक्री तलासरीकडची. ती म्हणाली, "गुरुवारी सकाळीच आलू मी. स्टोव्हला कुंकू लावेल होता, थंडगार. तवा, उलथना घासाया नवताच."

"मग चटका कुणी दिला?" दिपकने विचारलं.

निलमताईंनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं.

"शांतारामभाऊ, स्टोव्ह बंद, तर उलथनं तापलं कशावर? त्या सकाळी घरात तापलेली वस्तू एकच, तुमची इस्त्री. तिचंच टोक पोरीच्या दंडावर उमटलंय. उलथन्याला असं टोक नसतं. तारीख डॉक्टरांनी लिहिली, ती तुम्हाला बदलता येईना. आणि बायकोची सातम तुमच्या खिजगणतीतही नव्हती."

शांतारामने टेबलावरची इस्त्री मागे सरकवली.

दिपकच्या लक्षात आलं: आपण सरलाला दोषी ठरवलं असतं, तर ही पोर या माणसाच्या एकट्याच्या तावडीत राहिली असती.

"सरलाबाईंना घालवायची एवढी घाई कशाला?" त्याने शांतारामला विचारलं.

"हे पोरीला मारतात म्हणून रुचिताच्या मामाला पत्र लिहीन म्हणाले होते मी," सरला म्हणाली.

"लिहिलंत?" निलमताईंनी विचारलं.

"नाही. दोन वर्षं लिहिते लिहिते म्हणत होते. भीती वाटायची."

निलमताईंनी दिपकला पोलीस चौकीकडे पिटाळलं आणि जाताना मामाला तार करायला सांगितलं. दाराशी त्याने वळून पाहिलं. सरलाने दोन्ही हात पुढे केले होते. रुचिता जागची हलली नाही. मग हळूच सरकत जाऊन तिने शुक्रीचं लुगडं मुठीत धरलं.